दोन वर्षं वर्गात, तिसरं कामावर

(दृश्य: समुद्रकिनारा, मागे टेकडीवर विद्यापीठ)

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे अ‍ॅबरिस्टविथ. गाव लहान, पण आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवणारा जगातला पहिला विद्यापीठीय विभाग १९१९ साली इथेच सुरू झाला.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. इथले कितीतरी विद्यार्थी आघाडीवरून परतलेच नाहीत. खासदार डेव्हिड डेव्हिस स्वतः फ्रान्सच्या आघाडीवर जाऊन आले होते. त्यांनी आणि ग्वेंडोलिन व मार्गारेट या त्यांच्या बहिणींनी गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ २०,००० पौंड दिले. आजोबांनी कोळशाच्या धंद्यात कमावलेला हा पैसा. राष्ट्रं एकमेकांच्या जिवावर का उठतात, हे कुणीतरी नीट अभ्यासावं, एवढीच तळमळ.

इतक्या पोटतिडकीतून जन्मलेला विषय नुसता ग्रंथालयात बसून कळेल, असं मला वाटत नाही. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत आज या पदवीला कामाचं वर्ष जोडून घेता येतं. दोन वर्षं वर्गात, तिसरं प्रत्यक्ष कामावर, चौथ्या वर्षी पुन्हा वर्गात.

(दृश्य: वेस्टमिन्स्टर, अरुंद जिना, कागदांनी भरलेलं टेबल)

समजा, काम मिळालं खासदाराच्या कार्यालयात. सकाळ जाते मतदारांच्या ईमेलमध्ये. कुणाच्या बायकोचा व्हिसा अडकलाय, कुणाचा भाऊ परदेशात तुरुंगात आहे. दुपारी खासदार सांगतात, सौदी अरेबियाला होणाऱ्या शस्त्रविक्रीवर लेखी प्रश्न तयार कर. विद्यार्थी तावातावाने लिहितो: येमेन होरपळत असताना सरकार शस्त्रं विकतंच का?

हा प्रश्न स्वीकारलाच जाणार नाही. संसदेच्या नियमाप्रमाणे प्रश्नात मतप्रदर्शन चालत नाही. माहिती मागायची किंवा कृतीची मागणी करायची, आणि तीही त्या मंत्र्याच्या अखत्यारीतली. शस्त्रनिर्यातीचे परवाने तर परराष्ट्र खातं देतच नाही, ते व्यापार खात्याकडे असतात. मग प्रश्न उरतो एका ओळीचा: अमुक तारखेपासून किती परवाने दिले, आणि कशासाठी? या ओळीला उत्तर द्यावंच लागतं. सत्ता कुठे बसते, हे इथे बोट ठेवून दाखवता येतं.

महाराष्ट्रातून इथे येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. पण कामाचं वर्ष अभ्यासक्रमाचाच भाग असेल, तर पूर्णवेळ काम करायला परवानगी असते. कामाची जागा मात्र बहुतेक वेळा आपली आपणच शोधायची. विद्यापीठ अर्ज तपासून देतं, ओळखी करून देतं, नोकरीची हमी देत नाही.

आणि पगार? काही जागा बिनपगारी असतात. लंडनचं भाडं भरून वर्षभर फुकट राबणं ज्यांच्या घरच्यांना परवडतं, त्यांनाच मग परराष्ट्र धोरणाच्या दारातून आत जाता येतं. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. म्हणून प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाला विचारा: मागच्या वर्षी किती जणांना जागा मिळाली, त्यातल्या किती पगारी होत्या, आणि बिनपगारी जागेसाठी तुमच्याकडून काय मदत मिळते?