किलोमीटरला दहा रुपये

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे, वीस वर्षं झाली. रेडिओवर बोलायला बोलावलं तेव्हा म्हटलं विषय काय, तर म्हणाले तुम्ही ते आफ्रिकेतल्या पोरांसाठी पळालात नव्हे, तेच सांगा. तर तेच सांगतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला बघितलंय, नाव माहीत नसंल. रविवारी पहाटे हिंडलग्यावरून सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची करत शिनोळीकडं एकटाच पळत जाणारा माणूस दिसला असंल तर तो मी. बाची संपली की शिनोळी म्हंजे महाराष्ट्र, दुकानांच्या पाट्या बदलतात, तिथं एक गुळाचा चहा घ्यायचा आणि परत कर्नाटकात पळत यायचं, घरापासनं जाऊन येऊन तीसेक किलोमीटर होतात. मोसम कुठलाबी असो. जून-जुलैत पायातले बूट दोन दिवस वाळत नाहीत, रोपलावणीला निघालेल्या बायका रस्त्याच्या कडेनं थांबून बघतात, एकदा एका आज्जीनं विचारलं, कुणी मागं लागलंय काय रे बाबा?

हे सुरू कुठनं झालं ते सांगायचं तर टांझानियाला जायला लागतं. 2023 साली आमच्या शॉपमध्ये तयार झालेली एक हायड्रॉलिक प्रेस बसवायला मला मोशीला पाठवलं, तीन महिने. मोशी म्हंजे किलिमांजारोच्या पायथ्याचं गाव. 5895 मीटर उंच डोंगर, पहाटे ढग बाजूला झाले की वरचा पांढरा भाग दिसतो आणि खाली सगळ्या केळीच्या बागा आणि कॉफी. मी घाबरत गेलो होतो, भाषा येत नाही, जेवणाचं काय होणार. पहिल्याच दिवशी टूल रूममध्ये पोरगा म्हणाला 'पतासी' दे, मी बघतच राहिलो, त्याच्या हातात पटाशी! रंध्याला ते रंदा म्हणतात. दुकान म्हंजे दुका, गाडी म्हंजे गारी, पुस्तकाला किताबू, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बीमा. शेकडो वर्षं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरनं आणि अरबस्तानातनं गलबतं तिकडं जात होती, त्यातनं हे शब्द तिकडच्या स्वाहिली भाषेत उतरलेत. आणि सकाळी कामावर यायच्या आधी लोकं काय पितात, तर 'ऊजी', म्हंजे आपली आंबील, आणि ती कशाची, तर नाचणीची. नाचणी मुळात तिकडचीच, इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागातली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. आमच्या आईला हे फोनवर सांगितलं तर तिला पटेना, ती म्हणाली नाचणी खानापूरची.

कारखान्याच्या गेटवर एक बाई चहा, चपाती आणि भात-घेवडा विकायची. अशा बायकांना तिकडं 'मामा लिशे' म्हणतात, मामा म्हंजे आई. मला आठवडाभर तिला मामा म्हणायला अवघड झालं. तिची थोरली पोरगी शाळा सुटल्यावर तिथं येऊन भांडी घासायची आणि मग पिंपावर वही ठेवून अभ्यास करायची. आमच्या स्टोअरमध्ये एक गुजराती काका होते, त्यांच्या तीन पिढ्या तिकडंच गेल्यात, ते हिंदीत बोलायचे, त्यांच्यामुळं मला त्या पोरीशी बोलता आलं.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा सात वर्षांची, सगळी स्वाहिलीत. 2001 पासनं प्राथमिकची फी बंद केली, 2016 पासनं माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांचीबी. ऐकायला बरं वाटतं. पण युनिफॉर्म, बूट, वह्या, दुपारचं खाणं हे घरचंच, आणि त्याहून अवघड म्हंजे सातवी झाली की दुसऱ्या दिवसापासनं सगळं इंग्लिश. गणित इंग्लिशमध्ये, फिजिक्स इंग्लिशमध्ये, सरांचं बोलणं इंग्लिश आणि पेपरबी इंग्लिश. ती पोरगी त्या पहिल्या वर्षाला होती, फॉर्म वन म्हणतात. मला तिनं बायोलॉजीचं पुस्तक दाखवलं. झाडं उजेडातनं अन्न कसं तयार करतात तो धडा. मी काकांना म्हटलं तिला विचारा हे स्वाहिलीत येतं का. तिनं घडाघडा सांगितलं, 'उसानिसिनुरू', त्यातला नुरू म्हंजे उजेड, आपला नूर. सगळं माहीत होतं तिला. नुसतं फोटोसिंथेसिस हा शब्द समोर आला की ती गप्प बसायची.

मंडळी, त्या पिंपापाशी मला काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही, पण प्रयत्न करतो. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, सायन्सला चांगले मार्क होते, मास्तर म्हणाले पीयूसी सायन्सला जा, पीयूसी म्हंजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, आणि मी गेलो. पहिल्याच आठवड्यात बोर्डवर फोटोसिंथेसिस लिहिलं होतं. मला प्रकाशसंश्लेषण येत होतं, आकृतीसकट येत होतं, पण तो शब्द मला वाचायलाच येईना आणि विचारायचं कसं, कुठल्या भाषेत विचारायचं, वर्गातली अर्धी पोरं कन्नडमध्ये बोलायची आणि सर इंग्लिशमध्ये. सहा महिन्यांत सोडलं. घरी सांगितलं मला अभ्यासाची आवड नाही. मग आयटीआय केलं, फिटर झालो, काम आवडतं मला, तक्रार नाही. पण मला आवड नव्हती हे खोटं होतं, आणि ते मी पंचवीस वर्षं खरं धरून चाललो होतो. ते त्या पोरीकडं बघताना कळलं.

शाळेत कुठली भाषा, हे दुखणं काय असतं ते आपल्या सीमाभागात कुणाला समजावून सांगायला नको. 1986 च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेलेल्यांसाठी 1 जूनला हिंडलग्याच्या स्मारकापाशी लोकं जमतात ते ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. आफ्रिकेतबी 16 जून असाच दिवस आहे. 1976 साली दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये शाळेतली पोरं रस्त्यावर आली, आमच्यावर आफ्रिकान्स, म्हंजे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या, भाषेतनं शिक्षण लादू नका म्हणून, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. 1991 पासनं तो दिवस सगळ्या आफ्रिकेत बालदिन म्हणून पाळतात. मला हे तिकडं जाईपर्यंत माहीत नव्हतं.

परत आल्यावर दोन महिन्यांनी काकांचा फोन आला, ती पोरगी शाळेत येत नाही, आईबरोबर गेटवर पूर्ण वेळ असते. भांडण नाही, आजारपण नाही, नुसतं यायचं बंद. मी ओळखलं घरी तिनं काय सांगितलं असंल.

तिथं एक छोटी नोंदणी केलेली संस्था आहे, शाळा सुटल्यावर वर्ग घेते. तोच दिवसाचा धडा आधी स्वाहिलीत समजावतात, मग इंग्लिशमध्ये, आणि पोरांना ताटभर मकांदे देतात, म्हंजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, पोट भरतं. बाईंचं मानधन, वह्या, डिक्शनरी आणि हे जेवण, एवढाच खर्च. मी म्हटलं त्याला पैसे जमवू. पण मागायचे कसे? गणपतीची वर्गणी मागायला आपल्याला लाज वाटत नाही, गल्लीचा गणपती आहे. मोशीच्या पोरांसाठी हात पसरायला माझी जीभ उचलेना. तेव्हा आमच्या शॉपमधला वेल्डर म्हणाला, तू रोज पळतोस नव्हे (मी तेव्हा वजन वाढलं म्हणून किल्ला तलावाला दोन चकरा मारत होतो), मग मॅरेथॉन पळ, मी तुला किलोमीटरला दहा रुपये देतो.

तिथनं धरली. मुंबई मॅरेथॉन 2004 पासनं जानेवारीत होते, कोरोनाची दोन वर्षं सोडून, त्यात फुल मॅरेथॉनला नाव घातलं. अंतर 42 किलोमीटर 195 मीटर. एक वही केली, त्यात नाव आणि किलोमीटरला किती ते लिहायचं. कुणी पाच, कुणी दहा, अनगोळच्या एका डॉक्टरांनी पन्नास. आणि एक गोष्ट मला फार नंतर लक्षात आली, ज्यांनी लिहिलं त्यातली निम्मी लोकं मला पहाटे रस्त्यावर बघणारी होती. दूधवाले, सुळग्याच्या स्टॉपवर पहिल्या बसला थांबणारे, शिनोळीचा चहावाला. त्यांना आफ्रिका माहीत नव्हती, पण पावसात हा माणूस चार महिने येतोय हे त्यांनी बघितलं होतं. सगळे मिळून किलोमीटरला 2,060 रुपये झाले. वेल्डर म्हणाला वरच्या 195 मीटरचं काय, आणि त्याचे त्यानं वेगळे 195 रुपये दिले.

आता पैसे परदेशात पाठवायचं म्हटलं की लोकं घाबरतात, म्हणून हे जरा सांगतो. आपल्याला वैयक्तिकरित्या बाहेर देणगी पाठवता येते, रिझर्व्ह बँकेची एलआरएस म्हणून सोय आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, आपलं काम तर किरकोळ. पॅन लागतो, बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, देणगी म्हणून कारण लिहायचं. पण त्यावर 80जी ची करसवलत मिळत नाही, हे मी वही पुढं करतानाच प्रत्येकाला सांगत होतो. पावती, पाठवल्याची स्लिप आणि तिकडनं आलेली पोच, तिन्ही शॉपच्या नोटीस बोर्डला लावले. हे केल्याशिवाय दुसऱ्या वर्षी कुणाकडं जाऊ नये.

मुंबईला पहाटे सीएसएमटीपासनं सुटलो. सी लिंकवरनं उजाडताना समुद्र दिसला, तिथपर्यंत सगळं छान. अंगात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या पुढं संपत येते, हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. परतताना पस्तीसच्या पुढं पेडर रोडचा चढ आहे, तिथं माझे पाय माझे राहिले नाहीत. लोकं कडेनं संत्र्याच्या फोडी आणि चिक्की देत होते, एक लहान पोरगी मीठ घेऊन उभी होती. मंडळी, लोकं विचारतात तेव्हा तुला ती मोशीची पोरगी आठवली असंल. नाही आठवली. खरं सांगतो, मला हिशोब आठवला. 36 वर थांबलो तर राहिले 6, सहा गुणिले 2,060, म्हंजे 12,360 रुपये वहीतनं गेले, म्हंजे कितीतरी ताटं मकांदे. चढ संपेपर्यंत मी तेवढाच गुणाकार करत होतो. चालत, पळत, परत चालत. पाच तास सात मिनिटांनी पोचलो.

86,715 रुपये झाले. तेव्हा एका रुपयाला तिकडचे तीसेक शिलिंग येत होते. पोरगी त्या संध्याकाळच्या वर्गाला येते, शाळेत परत गेली, वर्ष मागं पडलं तिचं. पुढं फॉर्म टूला सरकारी परीक्षा आहे, तिचं काय होणार मला माहीत नाही.

आईनं मला पहिल्या दिवसापासनं एकच विचारलंय, आपल्या हितल्या पोरांचं कोण बघायचं रे? हा प्रश्न तुमच्यातल्या खूप जणांच्या मनात आहे आणि तो चुकीचा नाही. आमच्या गावच्या मराठी शाळेत आता पोरं किती राहिलीत ते मी बघतोय, आणि तिथनं दहावी होऊन पीयूसीला गेलेली पोरं दिवाळीच्या आत घरी बसलेली बी बघतोय, माझ्यासारखी. म्हणून यंदा वहीला दोन पानं केलीत. एक मोशीचं, आणि एक आपल्या पीयूसीच्या पोरांचं, त्यांचा सायन्सचा धडा आधी मराठीत आणि मग इंग्लिशमध्ये समजावणाऱ्या वर्गाचं. युनेस्कोनं 2022 साली सांगितलं होतं की सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत 9 कोटी 80 लाख पोरं शाळेच्या बाहेर आहेत. तो आकडा माझ्या वहीत मावत नाही. मला एक पिंप आणि एक पोरगी माहीत आहे आणि आमच्या गल्लीतली चार पोरं. आईनं दुसऱ्या पानावर किलोमीटरला पाच रुपये लिहिलेत. पहिल्यावर अजून नाही.

हा वर्ग घ्यायला कुणी निवृत्त मास्तर, बाई असतील ज्यांना दोन्हीत शिकवता येतं, तर मला पैशापेक्षा त्यांची जास्त गरज आहे. आणि ज्यांना पळायचंय त्यांनी येत्या रविवारी पहाटे पाच वाजता किल्ला तलावापाशी यावं, शिनोळीपर्यंत यायलाच पाहिजे असं काही नाही, सुळग्यापर्यंत चाललं तरी चालतंय. नाचणीची आंबील मी घेऊन येतो, ग्लास तेवढा आपापला आणा.