खूप म्हणजे किती?

श्रोतेहो, नमस्कार. आज समुद्राविषयी बोलायचंय, पण सुरुवात आपल्या भांडी बाजारातून करतो.

२०१६चा ऑगस्ट. गोदेला पूर आलेला. आमचं तांब्या-पितळेचं दुकान नदीकडच्या उतारावर. अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून ते घरी आणि दुकानात मी व एक गडी. अण्णांचा फोन आला, "पाणी कुठवर आलंय?" मी म्हटलं, "खूप वाढलंय अण्णा." तसे ते कडाडले, "खूप म्हणजे किती? मारुतीच्या गुडघ्याला का कमरेला? जा, बघून ये!"

मारुती म्हणजे आपला दुतोंड्या मारुती, गोदेच्या पात्रातली उंच मूर्ती. पुराचं पाणी तिच्या कुठवर आलं यावरून पूर मोजायचा, हे नाशिककराला सांगायला नको. अण्णांचं गणित ठरलेलं. गुडघ्याला लागलं की पोती माळ्यावर. कमरेला लागलं की खालची फळी रिकामी. छातीला लागलं की कुलूप लावून घर गाठायचं. मी धावत जाऊन आलो. कमर! समया, घंगाळी, पराती आम्ही दोघांनी भराभर वर चढवल्या. शेवटची परात हातात असतानाच शटरखालून गढूळ पाणी आत शिरलं. पूर ओसरल्यावर दुकानात वीतभर गाळ होता, पण माल वाचला. माप ठाऊक होतं म्हणून वाचला.

 

तर, खूप म्हणजे किती? समुद्र तापतोय म्हणतो आपण. पण किती, आणि कुठवर खोल? उपग्रहाला पाण्याचा वरचा पापुद्राच दिसतो. म्हणून जगभरच्या समुद्रांत अर्गो नावाची सुमारे ४००० तरंगती यंत्रं सोडली आहेत. दर १० दिवसांनी यंत्र २००० मीटर खोल बुडी मारतं. मग पोटातलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलतं, फुगतं, आणि वर येता येता पाण्याचं तापमान व खारटपणा मोजतं. आपल्याकडे ही माहिती हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था सांभाळते.

त्र्यंबकची गोदा १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदा यांचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. खालचं गार पाणी सहजी वर येत नाही, साय तापत राहते आणि त्या उष्णतेवर वादळं पोसली जातात. उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला म्हटलं की आपले द्राक्षवाले कान टवकारतात, ते उगीच नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक समुद्रविज्ञानाला दिलंय. समुद्राची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास, आणि बहुतेक यंत्रं २००० मीटरवरच थांबतात. म्हणजे खालच्या फळीचं माप अजून नीट हाती नाही. त्याहून खोल जाणारी यंत्रं आहेत, पण मोजकीच. ती वाढवायला हवीत, आणि त्यासाठी सरकारने हात सैल सोडावा असं मला मनापासून वाटतं. नमस्कार.