ताई, एवढी लांब तुळई आणली कुठनं?

(दृश्य: शनिवारवाडा, सकाळ. रिकामी जोती.)

दिल्ली दरवाज्यातून पहिल्यांदा आत शिरलेला माणूस हमखास विचारतो, "अहो, पण वाडा कुठंय?" समोर दगडी जोती, हिरवळ आणि हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ. जोत्यावरचं बहुतेक काम लाकडाचं. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ते गेलं. त्यातच गणेश रंगमहालही गेला.

मला त्याच रंगमहालातला एक दरबार रंगवायचा होता. एका चित्रपटासाठी. सेटला पहिला खिळा ठोकण्याआधी जागा कशी दिसेल, ते दाखवणारी डिजिटल चित्रं, म्हणजे कॉन्सेप्ट आर्ट.

पहिलं चित्र दोन दिवसांत झालं. उंचच उंच छत, संगमरवरी फरशी, मधोमध भलंमोठं झुंबर. मीटिंगमध्ये सगळे खूश. सेटवरच्या सुतारकाकांनी मात्र टॅबलेट हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि विचारलं, "ताई, एवढी लांब तुळई आणली कुठनं?"

(दृश्य: विश्रामबागवाडा. खांबांवरून सरकणारा कॅमेरा.)

राजवाडा म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढे आधी राजस्थानच येतं. पुण्याचा वाडा तसा नाही. इथली खोली खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. लाकूड पेलेल तेवढाच पल्ला. दिवाणखाना मोठा हवा, तर खांब वाढवा. १८०७ चा विश्रामबागवाडा बघा, हे सुरूच्या झाडासारखे निमुळते, सुरूदार खांब बघा. इथं भव्यपणा उंचीत नाही, खांबांमागून दिसणाऱ्या खांबांत आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात गेलात तर दारातून वाकूनच आत जावं लागतं.

मी छत खाली आणलं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या ठोकळ्यांनी खांब उभे केले, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेला आणला, मग फोटोशॉपमध्ये त्यावर रंगवायला घेतलं.

(दृश्य: दरबाराचं तैलचित्र, जवळून.)

संदर्भाला हे चित्र होतं. १७९० मध्ये इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेटनं सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात तह केला, तो प्रसंग. चित्रकार थॉमस डॅनियल, साल १८०५, आज लंडनच्या टेट संग्रहात. गंमत अशी, की डॅनियल त्या दरबारात नव्हताच. त्यानं हे रंगवलं जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून. आणि वेल्स? तोही तह झाल्यावर पुण्यात आला, १७९५ मध्ये वारलाही. म्हणजे हीसुद्धा कॉन्सेप्ट आर्टच की! फरक एवढाच, वेल्सनं वाडा उभा असताना पाहिला होता. मी पाहिली ती जोती.

(दृश्य: अंधार. एक समई.)

खरा घोळ उजेडाचा. दिवसा तो चौकाच्या बाजूनं येतो आणि दोन खांब ओलांडले की थकतो. रात्री समया, हंड्या, शामदानं. ज्योतीचा रंग पिवळा-नारिंगी, उजेडाच्या रंगाच्या मापात साधारण १,९०० केल्विन. पडद्यावर तो तसाच ठेवला तर सगळा दरबार हळद खेळल्यासारखा दिसतो. दिग्दर्शकांना चेहरे हवेत. मला खोटा दिवा नको.

चार दिवस गेले. शेवटी घरच्या देव्हाऱ्यासमोर पांढरी चादर अंथरली, समई लावली, बाकी दिवे घालवले आणि आईला समोर बसवलं. "काय चाललंय तुझं?" म्हणेपर्यंत दिसलं: चादरीवरून उजेड वर उसळत होता, तिच्या हनुवटीवर, नथीच्या मोत्यांवर. दरबारातली बैठक पांढरीच तर असते! दिवा आणायचाच नव्हता, तो जमिनीवर अंथरलेला होता.

(दृश्य: पूर्ण झालेलं चित्र. हळूहळू झूम.)

हे शेवटचं चित्र. मागच्या महिरपी काळोखात बुडालेल्या, पुढची पागोटी खालून उजळलेली.

सुतारकाकांनी पुन्हा टॅबलेट घेतला. ओठ हलवत एकेक खांब मोजला.

"आता बरोबर आहे," म्हणाले. "प्लायवूड किती मागवू?"