वर ऊब, तळाशी गारठा

माघातल्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून खाली पाहिले, तर लश्कर या शहरभागातला धूर थोडा वर चढून एका पातळीशी अडलेला आणि तिथून आडवा पसरलेला दिसतो. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, हा भूगोलाच्या पुस्तकातला नियम अशा वेळी उलटा झालेला असतो; कारण रात्रभर उष्णता आकाशात सोडून जमीन गारठते, तिला टेकलेली हवाही गारठते, आणि वरचा थर मात्र तुलनेने उबदार राहतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. इथे ती ऊन चढले की मोडते.

दक्षिण ध्रुवावर मार्चमध्ये मावळलेला सूर्य सप्टेंबरमध्येच उगवतो. डोळ्यांना पांढरेशुभ्र दिसणारे हिम अवरक्त किरणांच्या बाबतीत जवळजवळ काळ्या वस्तूसारखे वागते, म्हणजेच स्वतःजवळची उष्णता सढळपणे बाहेर टाकते. आणि सुमारे तीन किलोमीटर उंचीच्या त्या पठारावरील विरळ, कोरड्या हवेत ती अडवून परत पाठवण्याइतकी वाफ किंवा ढग नसतात. त्यामुळे अंटार्क्टिकाच्या पठारावर हिवाळ्यात विपरीतता हा अपवाद नसून नित्याची स्थिती असते, आणि पृष्ठभागापेक्षा काही शे मीटर वरची हवा वीस अंशांहूनही अधिक उबदार असू शकते. याच पठारावरील व्होस्तोक या संशोधन केंद्रावर 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याचे श्रेय नुसत्या उंचीला देणे अपुरे ठरेल, कारण इतका गारठा तळाच्या थरातच साचतो.

थंडीने जड झालेली ही हवा स्थिर मात्र राहत नाही. उतार मिळताच ती किनाऱ्याकडे घसरते आणि वाटेत वेग घेते. ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्या तुकडीने 1912 मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील केप डेनिसन येथे तळ ठोकला, तिथे वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेगच ताशी 70 किलोमीटरांच्या आसपास भरला.

उत्तर ध्रुवाकडे विपरीततेचा आणखी एक परिणाम दिसतो. गेल्या चार दशकांत आर्क्टिक प्रदेश जागतिक सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला. समुद्रावरील बर्फ घटणे हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे, की हिवाळ्यातला हा स्थिर थर उभे मिश्रण होऊ देत नाही, त्यामुळे वाढलेली उष्णता उंचावर वाटली न जाता पृष्ठभागालगतच कोंडून राहते.