निवळी दुधाळ होते, आणि पुन्हा निवळते

(दृश्य : परीक्षानळीत स्वच्छ द्रव. काचेच्या नळीतून बुडबुडे येतात.)

ही चुन्याची निवळी. कार्बन डायऑक्साइडचा पहिला बुडबुडा आत गेला आणि नळीच्या टोकापाशी धुरकट रेघ उमटली. बघता बघता सगळं दुधाळ. शाळेत बहुतेकांचा प्रयोग इथेच संपतो. पण वायू चालू ठेवला, तर हेच दूध पुन्हा पाण्यासारखं निवळतं. पाहण्यासारखं आहे ते हे, आणि फसतं तेही इथेच.

निवळी आदल्या रात्री करायची. लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना घालून बाटली जोरात हलवायची, बूच घट्ट लावून ठेवायची. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून गाळून घ्यायचं. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं पाणी घेतलं, तर त्यातल्या क्षारांमुळे चुना घालताच गढूळपणा येतो आणि निवळीतला चुनाही वाया जातो. बाटली उघडी राहिली, तर पृष्ठभागावर पातळ साय धरते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच ती धरलेली असते.

(दृश्य : शंकूपात्रात संगमरवराचे तुकडे, वरून आम्ल.)

वायूसाठी ५ ग्रॅम संगमरवर आणि ५० मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. पाच भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल सावकाश ओतायचं. आम्लात पाणी कधीच नाही. एवढ्यातून सव्वा लिटरच्या आसपास वायू मिळतो. संगमरवर नसेल, तर शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो, तोही चुनखडकच. फळ्यावरचा खडू मात्र बऱ्याचदा जिप्समचा असतो; त्यावर आम्ल टाकलं तरी फेस येत नाही. सल्फ्युरिक आम्लही नको. दगडावर कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो आणि क्रिया थोड्या वेळात थंडावते.

वायू आधी साध्या पाण्याच्या बाटलीतून न्यायचा. सोबत आलेली आम्लाची वाफ तिथे अडते. नाहीतर तीच निवळीतला चुना मारते, आणि दूध दिसतच नाही.

आता निवळण्याचं गणित. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो रेणूंमागे जेमतेम एखादा कार्बोनिक आम्लाच्या रूपात असतो. आम्ल सौम्य, पण दगड विरघळवण्याइतकं खरं. आधी ते चुन्याशी मिळून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बनवतं. चुना संपला, की पुढचं आम्ल त्या साक्यालाच धरतं आणि त्याचं विरघळणारं बायकार्बोनेट करतं. मात्र याला मर्यादा आहे. लिटरभर संपृक्त निवळीत सुमारे पावणेदोन ग्रॅम चुना असतो, त्याचा साका दोन ग्रॅमच्या वर होतो. कार्बन डायऑक्साइडने भरलेलं लिटरभर पाणी मात्र ग्रॅमभरच विरघळवू शकतं. म्हणून निवळीत दुप्पट डिस्टिल्ड पाणी मिसळा, मगच वायू सोडा.

तोंडाने फुंकल्यावर दूध होतं, पण पुन्हा निवळत नाही, ते याचमुळे. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास, त्याचं आम्ल आणखी क्षीण. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७५०च्या दशकात उच्छ्वासातला हा वायू ओळखला, तो याच दुधाळपणावरून.

(दृश्य : निवळलेली परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर.)

निवळलेलं पाणी आता उकळू. वायू निघून जातो, बायकार्बोनेट मोडतं आणि साका परत येतो. बोअरचं पाणी तापवणाऱ्या किटलीच्या तळाशी पांढरी खपली धरते, तीही बहुतेक याच कॅल्शियम कार्बोनेटची. तिच्यावर थोडं व्हिनेगर टाका. ते कार्बोनिकपेक्षा तीव्र आम्ल, त्यामुळे खपलीतला वायू हुसकला जातो.

(दृश्य : किटलीचा तळ जवळून. खपलीच्या कडेने बारीक फेस.)

अर्धा तास तसंच राहू द्या, मग खसखसून धुवा.