फ्रेंच भाषेतील समुद्र स्त्रीलिंगी कसा झाला?

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेंच भाषेत समुद्राला ‘मेर’ म्हणतात आणि हे नाम स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याच्या आधी ‘ला’ हे उपपद लागते: ‘ला मेर’. समुद्र, सागर, दर्या ही सगळी पुल्लिंगी नामे वापरणाऱ्या आपल्या कानांना हे खटकते. समुद्र चंचल किंवा मायाळू असतो म्हणून तो स्त्रीलिंगी, असे काव्यमय स्पष्टीकरण त्यावर नेहमी दिले जाते. मला ते मुळीच पटत नाही, कारण या शब्दाचा खरा इतिहास त्याहून कितीतरी रंजक आहे.

‘मेर’चे मूळ लॅटिनमधील ‘मारे’ या शब्दात आहे आणि तो नपुंसकलिंगी होता. लॅटिनला मराठीप्रमाणेच तीन लिंगे होती. पुढे बोलण्यात शब्दांचे अंत्य वर्ण झिजले, तेव्हा ‘वीनुम’सारखी, म्हणजे मद्य या अर्थाची, नपुंसकलिंगी नामे पुल्लिंगी नामांसारखी ऐकू येऊ लागली आणि त्यांच्यातच मिसळली. ‘फोलिआ’, म्हणजे पाने, यासारखी अनेकवचनी रूपे मात्र आकारान्त असल्यामुळे स्त्रीलिंगी एकवचनी वाटली, आणि त्यातूनच पान या अर्थाचा आजचा फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी झाला.

‘मारे’ची अडचण अशी की, त्याच्या शेवटच्या एकारातून कोणत्याच लिंगाचा अंदाज येत नव्हता. म्हणून इटालियन आणि पोर्तुगीज भाषांनी त्याला पुल्लिंगी केले, फ्रेंच आणि रुमानियन भाषांनी स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये तर दोन्ही लिंगे चालतात, आणि कोळी-खलाशी स्त्रीलिंगच पसंत करतात. फ्रेंचमध्ये ‘तेर’, म्हणजे जमीन, या स्त्रीलिंगी शब्दाशी असलेल्या नित्य जोडीचा परिणाम झाला असावा, असे अभ्यासक मानतात आणि ते सयुक्तिक वाटते. लिंग असे वाटेत बदलणे आपल्यालाही नवे नाही: संस्कृतातील पुल्लिंगी ‘अग्नि’पासून आलेली मराठीतली ‘आग’ स्त्रीलिंगीच आहे.

फ्रेंचमध्ये महासागर, म्हणजे ‘ओसेआं’, मात्र पुल्लिंगी राहिला, कारण त्याचे लॅटिन मूळच पुल्लिंगी होते. विशेषणावर याचा परिणाम स्पष्ट ऐकू येतो. आल्प्समधील मों ब्लां या पर्वताच्या नावात ‘पांढरा’ या अर्थाचे ‘ब्लां’ हे पुल्लिंगी रूप आहे, तर रशियाच्या उत्तरेकडील श्वेत समुद्राला फ्रेंच माणूस ‘ला मेर ब्लांश’ म्हणतो.