समुद्रातलं सोनं मोजताना

फळ्यावर आधी दोनच आकडे लिहितो. जगातल्या सगळ्या समुद्रांचं क्षेत्रफळ ३.६ गुणिले १० चा १४ वा घात, इतके चौरस मीटर. सरासरी खोली ३.७ गुणिले १० चा ३ रा घात, म्हणजे ३,७०० मीटर. मागे कुणीतरी मोबाइल काढलाय. राहू द्या, लागणार नाही. ३.६ ला ३.७ ने गुणलं की १३.३. घातांकांची नुसती बेरीज, १४ आणि ३, सतरा. आता १३.३ दहाच्या पुढे गेले, म्हणून दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवायचं आणि घातांक एकाने वाढवायचा. बहुतेकांचा पाय इथेच घसरतो: चिन्ह सरकतं, घातांक तसाच राहतो. उत्तर आलं १.३ गुणिले १० चा १८ वा घात, घनमीटर. घनमीटरभर पाणी म्हणजे साधारण एक टन. खारं पाणी किंचित जड असतं, पण ते आपण सोडून देऊ.

एवढ्या पाण्यात सोनं किती? १९०३ साली स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी टनामागे ६ मिलिग्रॅम धरलं. म्हणजे ६ गुणिले १० चा उणे ३ रा घात ग्रॅम. गुणा: ७.८ गुणिले १० चा १५ वा घात ग्रॅम, म्हणजेच ७८० कोटी टन! माणसाने आजवर खणून काढलेलं सगळं सोनं दोन लाख टनांच्या आसपास आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली गेली. एका मार्कात सुमारे ०.३६ ग्रॅम सोनं. म्हणजे एकूण ४७ हजार टनांच्या घरात. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारे नोबेलविजेते फ्रिट्झ हाबर यांना वाटलं, समुद्रात तर याच्या दीड लाखपट पडलंय. जहाजावर प्रयोगशाळा थाटली, ठिकठिकाणचं पाणी तपासलं आणि काही वर्षांनी नाद सोडला.

आज मोकळ्या महासागरासाठी साधारण १० कोटी टनांमागे १ ग्रॅम धरतात. घातांक उणे ८. अठरातून आठ गेले, दहा. १.३ गुणिले १० चा १० वा घात ग्रॅम, फक्त १३ हजार टन. सगळा समुद्र पिळून काढला असता तरी भरपाईचा जेमतेम पाव हिस्सा फिटला असता. खोली ३.७ ऐवजी ३.८ धरली तर कुणाचं काही बिघडत नाही; उणे ३ च्या जागी उणे ८ आले आणि सगळा डाव उधळला.

‘नव्या यंत्रांनी आता जमेल का?’ असं पहिल्या रांगेतून विचारलंय. तेही गुणून बघू. एका ग्रॅमसाठी १० चा ११ वा घात किलो पाणी नुसतं एक मीटर उचलायचं. गुरुत्वत्वरण ९.८ धरा, येतात ९.८ गुणिले १० चा ११ वा घात ज्यूल. विजेच्या एका युनिटात ३.६ गुणिले १० चा ६ वा घात ज्यूल. भागाकारात घातांकांची वजाबाकी: २.७ गुणिले १० चा ५ वा घात. दोन लाख सत्तर हजार युनिट, आणि सोनं अजून पाण्यातच.